दुआही हवी, दवाही हवी

धाराशिवला हजरत ख्वाजा शमसोद्दीन गाझी (रह.) यांच्या दर्ग्यात जुम्मेरातीच्या संध्याकाळी आम्ही बसलो, की एखादी चिंतातुर आई भेटतेच. मुलाला झोप नाही, एकटाच बोलतो, शेताकडे फिरकत नाही. "बाहेरचा असर झालाय," ती हळूच सांगते. ताईत बांधून झाला, दम केलेले पाणी पाजून झाले. डॉक्टरांचे नाव काढले, की ती पदर सावरते. "लोक वेडा म्हणतील. बहिणीचे लग्न कसे जमायचे?"

या आईला आम्ही हसत नाही. इथे कुणीतरी तिचे ऐकून घेते, तिच्यासाठी हात उचलते. तिचे मन हलके होते, ते खरेच होते. मन मोकळे करण्याचे मोल मानसशास्त्रही मानते. पण काही आजार एवढ्यावर बरे होत नाहीत. इलाज करण्याची शिकवण तर प्रेषित मुहम्मद (स.) यांनीच दिली आहे.

आपल्या पूर्वजांनी या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या नव्हत्या. अबू झैद अल-बल्खी (मृत्यू इ.स. ९३४) यांनी शरीर आणि मन यांच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. कारण ठाऊक असलेले दुःख आणि कारण नसताना दाटून येणारे दुःख, असे दोन प्रकार त्यांनी सांगितले. पहिल्यावर समजुतीचा उपाय. दुसऱ्याचे मूळ शरीरात, म्हणून शरीरावरही इलाज. तुर्कस्तानात एदिर्ने येथे सुलतान बायझीद दुसरे यांनी १४८८ मध्ये उभारलेल्या दवाखान्यात औषधांसोबत वाहत्या पाण्याचा आवाज, सुगंध आणि संगीत यांचाही उपयोग होत असे.

हे विसरल्याची किंमत मोठी आहे. तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्यांना पळता आले नाही; २८ मनोरुग्ण दगावले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

चांगला रस्ताही आहे. गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा आणि दुआ' उपक्रम सुरू झाला. मुजावरांना आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले गेले. ते दुआ करतात आणि रुग्णाला आवारातच बसणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. मुजावरांचा मान राहतो, रुग्णाला औषधही मिळते.

दुष्काळ आणि कर्जाने खचलेली मने आपल्या जिल्ह्याला नवी नाहीत. २०१५ मध्ये शासनाने बळीराजा चेतना अभियान यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुरू केले, ते याच काळजीपोटी. आज १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते. घरातले कुणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल, तर त्याला एकटे सोडू नका; लगेच फोन लावा, दवाखाना गाठा.

फजरनंतर त्याला सोबत घेऊन बांधापर्यंत चालत जा. लिंबाखाली घटकाभर बसा, तो बोलेल तेवढे ऐका. औषध वेळेवर द्या. डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. दुआ तर चालूच राहील.

त्या आईला आम्ही एवढेच सांगितले: जुम्मेरातीला इथे या, पण त्याआधी मुलाला डॉक्टरांना दाखवा. एकट्याने जायचा धीर होत नसेल, तर आम्ही सोबत येतो.