उलटी वाहणारी नदी

कॅनडातल्या क्वेबेक शहरातून क्रूझ सुटायच्या आधी दोन-तीन दिवस हाताशी असले, की लोक हॉटेलात सामान टाकतात आणि थेट कड्यावर जाऊन शातो फ्रॉन्तनाकचे फोटो काढतात. काढावेतच. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने १८९३ मध्ये सुरू केलेलं हे बुरुजाबुरुजांचं हॉटेल कुठूनही दिसतं आणि कुठूनही देखणंच दिसतं. पण माझं ऐकाल तर आधी खाली उतरा. लेव्ही गावाला जाणारी फेरीबोट जिथून सुटते त्या धक्क्यावर जा आणि पाण्यात तरंगणारी एखादी फांदी किंवा लाकडाचा ओंडका हेरा.

नकाशात सेंट लॉरेन्स नदी ग्रेट लेक्सकडून निघते आणि मॉन्ट्रियल, क्वेबेक करत अटलांटिककडे जाते. म्हणजे ओंडका समुद्राच्या दिशेने जायला हवा. तुम्ही योग्य वेळी पोचलात, तर तो मॉन्ट्रियलच्या दिशेने निघालेला दिसेल. आणि रेंगाळत नाही, चांगला लगबगीने. मैलोन्‌मैल पसरलेल्या पाच सरोवरांचं पाणी घेऊन येणारी एवढी थोरली नदी दिवसातून दोनदा माघारी वळते.

कारण साधं आहे: भरती. थक्क करतं ते अंतर. मोकळा अटलांटिक इथून हजारेक किलोमीटर लांब आहे. तरीही क्वेबेकला पाणी चार-पाच मीटर चढतं आणि उतरतं, म्हणजे जवळजवळ मुंबईच्या उधाणाइतकं. शिवाय हे सगळं पाणी गोडं. समुद्राचं खारं पाणी इथवर पोचतच नाही, ते ऑर्लेआं बेटाच्या खालच्या टोकापाशी थबकतं. भरती म्हणजे समुद्राचं पाणी आत येणं, अशी आपली समजूत असते. खरं तर आत येते ती लाट. दोरीचं एक टोक झटकलं की हिसका दुसऱ्या टोकापर्यंत जातो, दोरी मात्र जिथल्या तिथे राहते. तशी ही लाट आखातातून शेकडो किलोमीटर वर सरकते, आणि तिच्या रेट्याने नदीचं स्वतःचंच पाणी मागे लोटलं जातं. पात्र जसजसं अरुंद होतं तसतशी लाटेची उंची वाढते. ऑर्लेआं बेटाच्या आसपास ती सर्वात उंच होते. क्वेबेकच्या पुढे ती हळूहळू दमते आणि ट्रुआ-रिव्हिएर शहराच्या आसपास विरते.

कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला हे सांगावं लागणार नाही. उधाण कधी, भांग कधी, होडी केव्हा सोडायची, हे त्याला तिथीवरून कळतं. क्वेबेकला त्याला एक गोष्ट मात्र खटकेल: पाणी चढतं पटकन आणि उतरतं सावकाश. उथळ पाण्यात लाटेचा माथा तिच्या पायथ्यापेक्षा वेगाने पुढे सरकतो, आणि वरून येणारा नदीचा लोंढा ओहोटीचा वेळ आणखी लांबवतो. फेरीबोटीने पलीकडे जाऊन या, दहा-बारा मिनिटांचा प्रवास आहे. नदी इथे जेमतेम किलोमीटरभर रुंद आहे. खालच्या अंगाला तिचा पसारा कुठच्या कुठे जातो, म्हणून हे चिंचोळं तोंड महत्त्वाचं. त्याच्यावर साधारण शंभर मीटर उंचीचा काप दियामाँ हा कडा उभा आहे. १५४१ मध्ये जाक कार्तिएने इथले चमकते खडे हिरे समजून गोळा केले आणि पुढे फ्रान्सला नेले. ते निघाले गारगोटीचे स्फटिक. ‘हिऱ्यांचा कडा’ हे नाव तेवढं राहिलं.

१६०८ मध्ये सॅम्युएल द शाम्पलँने कड्याच्या पायथ्याशी लाकडी वखार बांधली, ती आजच्या प्लास रॉयाल चौकात. तिच्या बाह्यरेषा फरसबंदीत वेगळ्या दगडांनी दाखवल्या आहेत. पायांखाली बघत चाललात तर सापडतात. त्याच चौकात नोत्र-दाम-दे-व्हिक्त्वार हे छोटंसं चर्च आहे. त्याच्या छताला चक्क एक जहाज टांगलंय. ते सतराव्या शतकात फ्रेंच सैनिकांना घेऊन आलेल्या ‘ब्रेझे’ या जहाजाची प्रतिकृती आहे. ‘व्हिक्त्वार’ म्हणजे विजय, आणि चर्चच्या नावातले विजय दोन. १६९० मध्ये इंग्रजांच्या आरमाराला शहरापुढून हात हलवत परतावं लागलं. १७११ मध्ये दुसरं, त्याहून मोठं आरमार आलं. ते शहरापर्यंत पोचलंच नाही. धुक्यात आणि काळोखात त्याची आठ जहाजं खडकांवर आपटली आणि शेकडो माणसं बुडाली. क्वेबेककरांनी एक गोळीही न झाडता मिळालेला हा विजय नदीचा होता. चर्चच्या नावात तिलाही वाटा मिळाला म्हणायचा.

मग १७५९ उजाडलं. इंग्रज आणि फ्रेंच तेव्हा जगभर लढत होते, आपल्याकडे कर्नाटकातही. जेम्स वूल्फ या तरुण सेनापतीला घेऊन आरमार सेंट लॉरेन्समध्ये शिरलं. फ्रेंचांनी वाट दाखवणाऱ्या खुणा आधीच काढून टाकल्या होत्या. ऑर्लेआं बेटाजवळ जहाजांना एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे तिरकं जावं लागतं, तो सगळ्यात अवघड टप्पा. अनोळखी मोठं जहाज तिथून निभावणार नाही, असा फ्रेंचांचा भरवसा होता. इंग्रजांच्या ‘पेम्ब्रोक’ जहाजावर जेम्स कुक नावाचा एक सेलिंग मास्टर होता. त्याने आणि त्याच्या जोडीदारांनी होड्यांतून फिरत, ठिकठिकाणी पाण्याची खोली मोजत तो टप्पा कागदावर उतरवला. पॅसिफिक पालथा घालणारा कॅप्टन कुक तो हाच. नकाशे काढण्यातला त्याचा हात बसला तो या नदीत.

जहाजं पोचली, तरी कडा होताच. उन्हाळाभर वेढा चालला, तोफांनी खालचं गाव जाळलं, ते चर्चही जळालं (आज दिसतं ते पुन्हा उभं केलेलं), पण शहर पडेना. शेवटी १३ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर वूल्फचे सैनिक शहराच्या वरच्या अंगाला होड्यांत बसले आणि ओहोटीबरोबर खाली आले. काठावरच्या पहारेकऱ्याने हटकलं तेव्हा एका अधिकाऱ्याने फ्रेंचमध्ये उत्तर दिलं. रसदीच्या होड्या येणार आहेत असं पहारेकऱ्यांना सांगितलेलं होतंच, त्यांना ते खरं वाटलं. डोनाल्ड ओल्सन या खगोलभौतिकीच्या अमेरिकन प्राध्यापकाने सहकाऱ्यांबरोबर त्या रात्रीचा चंद्र आणि पाणी यांचं गणित मांडलं आहे. वद्य पक्षातला अर्धा चंद्र पूर्वेला होता. म्हणजे खलाशांना काठ दिसण्यापुरता उजेड होता, पण पश्चिमेकडून येणाऱ्या होड्यांच्या मागे चंद्र नसल्याने पहारेकऱ्यांना त्यांच्या आकृत्या उठून दिसल्या नाहीत. आणि नेमक्या वेळी ओहोटीला पुरेसा जोर. ते गणित वाचल्यापासून मला ही लढाई वूल्फइतकीच पंचांगाची वाटते.

पहाटेपर्यंत चार हजारांवर सैनिक कडा चढून पठारावर उभे होते. प्रत्यक्ष लढाई अर्ध्या तासातच आटोपली. वूल्फ तिथेच पडला, फ्रेंच सेनापती माँकाल्म दुसऱ्या दिवशी सकाळी गेला, आणि शहर १८ तारखेला शरण आलं. लढाईचं ते अब्राहमचं पठार आज बाग आहे. लोक तिथे धावतात, कुत्री फिरवतात, हिवाळ्यात स्कीइंग करतात.

गोष्ट इथेच संपवतात, ते मला पटत नाही. पुढच्या वसंतात, एप्रिल १७६० मध्ये, लेव्ही नावाच्या फ्रेंच सेनापतीने परत येऊन याच पठाराजवळ इंग्रजांना हरवलं. हरलेले इंग्रज तटाच्या आत, फ्रेंच बाहेर, दोघांचाही दारूगोळा संपत आलेला. बर्फ वितळत होतं. आता समुद्राकडून पहिलं जहाज कुणाचं येतं, एवढाच प्रश्न उरला. ९ मे रोजी वळणावर एक शीड दिसलं. इंग्रजांचं निघालं. पलीकडच्या काठावरचं लेव्ही गाव त्या जिंकून हरलेल्या सेनापतीच्या नावाचं आहे.

कॅनडा गेलं तसं पाँडिचेरीही गेलं. १७६१ च्या जानेवारीत, ज्या आठवड्यात पानिपत झालं त्याच आठवड्यात, तिथल्या फ्रेंचांनी शरणागती पत्करली. १७६३ च्या पॅरिसच्या तहात पाँडिचेरी फ्रान्सला परत मिळालं, क्वेबेक कायमचं गेलं. विचित्र म्हणजे आज पाँडिचेरीत फ्रेंच पाट्यांवर आणि मोजक्या घरांत उरलंय, आणि क्वेबेक शहरात दर दहांतल्या नऊहून अधिक लोकांची ती मायबोली आहे. तहानंतर मागे राहिलेल्या साठ-सत्तर हजार माणसांना १७७४ च्या क्वेबेक कायद्याने त्यांचा धर्म आणि दिवाणी कायदा राखू दिला. दक्षिणेकडच्या वसाहती बिथरल्या होत्या, त्यात हेही बिथरायला नकोत, हा त्यामागचा व्यवहार. बाकीचं काम चर्च, शेती, मोठाली कुटुंबं यांनी केलं, आणि १९७७ च्या भाषा कायद्याने. दुकानात शिरताना ‘बोंजूर’ म्हणा, पुढचं इंग्रजीत चालतं. न म्हणता थेट किंमत विचारलीत तर कपाळावर एक बारीक आठी उमटते.

वरचं शहर तटबंदीत आहे. मेक्सिकोच्या उत्तरेला असा तट शाबूत असलेलं हे एकमेव शहर, म्हणून १९८५ पासून जागतिक वारशात आहे. गंमत अशी की हा तट वाचवला एका इंग्रज लॉर्डाने. १८७१ मध्ये ब्रिटिश फौज निघून गेल्यावर नगरपालिकेला रस्ते रुंद करायला तो पाडायचा होता, वेशींवर हातोडा पडायलाही लागला होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिन आडवे आले. तट राहू द्या, वेशी रुंद करून बांधा, हा त्यांचा आराखडा. शातो फ्रॉन्तनाकसमोरचा लांबलचक लाकडी सज्जा त्यांच्याच नावाचा. पुढे १८८४ मध्ये हेच डफरिन हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं ते त्यांच्या कारकिर्दीत. त्यांच्या नावाचं एक जहाज १९२७ पासून माझगावसमोर प्रशिक्षण नौका म्हणून नांगरलेलं होतं. आपल्या व्यापारी जहाजांवरच्या अधिकाऱ्यांच्या कितीतरी तुकड्या ‘डफरिन’वरच घडल्या.

खाण्याबद्दल थोडक्यात. पूतीन म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या फोडी, त्यावर ताज्या चीजचे गोळे आणि गरम रस्सा. रस्सा बहुधा मांसाच्या अर्काचा असतो. शाकाहारी असाल तर आधी विचारा, वेगळा मिळतो. चीज ताजं आहे की नाही हे दात सांगतात: चावताना ते चक्क चुंई चुंई वाजतं. दुधातल्या केसीन प्रथिनाचं कॅल्शियमने घट्ट बांधलेलं जाळं दातांवर घासतं, त्याचा तो आवाज. एखाद्या दिवसात जाळं सैल पडतं आणि चीज मुकं होतं. म्हणून पूतीन डेअरीच्या पंचक्रोशीतच खावं. टोरांटोत खाऊन नावं ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

आता मुळात क्रूझ इथूनच का सुटते? मॉन्ट्रियल मोठं शहर, बंदरही मोठं. उत्तर शहराच्या वरच्या अंगाला आहे, क्वेबेकचा पूल. तो पाण्यापासून सुमारे ४६ मीटर उंच आहे, आणि आजकालच्या बड्या क्रूझबोटींचे मजले त्याखालून जात नाहीत. म्हणून छोट्या बोटी मॉन्ट्रियलपर्यंत जातात, मोठ्या इथेच वळतात. पुलाच्या मधल्या गाळ्याची लांबी ५४९ मीटर; कँटिलिव्हर पुलांत ती आजही जगात सर्वाधिक आहे (आपला हावडा पूल ४५७ चा). त्यासाठी मोजलेली किंमत भयंकर. २९ ऑगस्ट १९०७ रोजी, काम चालू असताना, दक्षिणेकडची बाजू कोसळली आणि ७५ कामगार गेले. त्यांतले ३३ कानावाके वस्तीतले मोहॉक लोक होते, उंचावरच्या पोलादी कामात तरबेज. चुकलं होतं ते गणित: गाळा लांबवला, पण वाढलेलं वजन हिशेबात नीट धरलं नाही. १९१६ मध्ये मधला भाग वर चढवताना पाण्यात पडला, आणखी १३ बळी गेले. पूल १९१७ मध्ये पुरा झाला.

मॉन्मोरेन्सीचा धबधबा शहरापासून पंधरा मिनिटांवर आहे, नायगाऱ्यापेक्षा तीस मीटर उंच. अर्धा दिवस पुरे.

बोट सुटली की जेवायला पळू नका. पहिले दोन-तीन तास डेकवर काढा, कारण ऑर्लेआं बेटाला वळसा घालून, कुकने खोली मोजलेल्या त्याच तिरक्या टप्प्यातून तुम्ही जाणार आहात. आजही या पट्ट्यात परक्या जहाजाला स्थानिक पायलट घ्यावाच लागतो. शरदात काप तुर्मांतच्या दलदलीत पांढरे हिमहंस हजारोंनी उतरलेले असतात. त्यापुढे पाणी खारं होऊ लागतं. मग तादुसाक. अटलांटिककडून आलेली, तीनशे मीटरहून खोल अशी समुद्रतळातली दरी तिथे एकाएकी संपते. तळाचं गार पाणी भरतीच्या रेट्याने त्या चढणीवर आपटून वर उसळतं, आणि त्यात कोळंबीसारख्या क्रिलचे थवे साचतात. ते खायला निळे देवमासे नदीच्या मुखात येतात. पांढरे बेलुगा तर तिथे वर्षभर मुक्कामी असतात.

संध्याकाळी सुटलेली बोट तिथे पोचेपर्यंत मध्यरात्र होते, दिसत काही नाही. तेव्हा हातातल्या दिवसांपैकी एक तादुसाकसाठी ठेवा. गाडीने तीन तास लागतात. शेवटी साग्ने नदी फेरीबोटीने ओलांडावी लागते. ती दहा मिनिटांची फेरी फुकट आहे आणि रात्रंदिवस चालू असते.