अनोळखी भागांची ओळख

माणसाची ओळख करून घ्यावयाची झाली म्हणजे आपण प्रथम त्याचे नाव विचारतो, मग गाव, आणि मग कामधंदा. यंत्राच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा करावा लागतो. तेथे प्रथम काम विचारावे, मग जागा पाहावी आणि नाव अगदी शेवटी घ्यावे. हा धडा मला एका जुन्या मोटारसायकलने शिकविला, आणि तोही थोडा दंड वसूल करून.

ही मोटारसायकल म्हणजे बिडाच्या सिलिंडरची साडेतीनशेची बुलेट. मूळची ती इंग्लंडातील रॉयल एनफील्डची. मद्रास येथे १९५५ साली एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि गाडी या देशाची झाली. तिचे हे जुने इंजिन २०१० च्या सुमारास निघेनासे झाले. पण ते बसविलेल्या असंख्य गाड्या आजही धावत आहेत. वडिलांची किंवा काकांची म्हणून कोणाच्या घरी ती येते, कोणी हौसेने विकत घेतो, आणि पहिल्याच दिवशी नव्या धन्याला असे काही भाग दिसतात की जे आजच्या गाड्यांवर नाहीत. ते कशासाठी आहेत हे सांगणारे जुने कारागीरही आता थोडेच उरले आहेत.

यातील पहिला भाग म्हणजे डाव्या मुठीजवळचा एक लहानसा खटका. त्याची तार सिलिंडरच्या माथ्यावरील एका छोट्या झडपेपर्यंत जाते. यास डीकॉम्प्रेसर म्हणतात. या इंजिनात एकच सिलिंडर आहे, ७० मिलिमीटर व्यासाचा. दट्ट्या त्यात ९० मिलिमीटर वर-खाली होतो, आणि वर येताना ३४६ घन सेंटिमीटर जागेतील वायू दाबून धरतो. हा दाब नुसत्या पायाच्या जोराने ओलांडणे कठीण. खटका ओढला की झडप उघडते, कोंडलेला वायू बाहेर पडतो आणि दट्ट्या सुखाने माथा ओलांडतो.

पण दट्ट्या माथ्याशी आला हे बाहेरून कळावे कसे? त्याचे उत्तर हेडलाइटजवळच्या ॲमीटरमध्ये आहे. पुष्कळ लोक त्यास केवळ बॅटरीचा काटा समजतात. जुन्या पॉइंटच्या इंजिनात किल्ली फिरविल्यावर पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलमधून वीज वाहते व काटा उणे बाजूस झुकतो. किक हळूहळू दाबीत जावे. पायास विरोध जाणवू लागतो आणि काटा मध्यावर परततो, तेव्हा पॉइंट उघडले, म्हणजेच दट्ट्या दाबाच्या फेरीत माथ्याजवळ आला, असे समजावे. मग खटका ओढून किक किंचित पुढे सरकवावी, खटका सोडावा, किक पुन्हा वर येऊ द्यावी आणि एकदाच, पूर्ण, ठाम पाय मारावा. पुढचा दाब येईपर्यंत जड चक्राला वेग मिळालेला असतो, आणि तोच दट्ट्याला माथ्यापलीकडे नेतो.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. ठिणगी दट्ट्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच पडत असते. अर्धवट किक मारली तर दट्ट्या माथा न ओलांडता उलटा फेकला जातो आणि किकचा दांडा पायावर आदळतो. त्याने घोटा दुखावतो, प्रसंगी हाडही मोडते. हे टाळण्यास बळ लागत नाही; एका खटक्याची आणि एका काट्याची ओळख पुरते.

आता माझ्या दंडाची हकीकत. इंजिनाच्या खालच्या पेटीतून निघालेली एक नळी मला दिसली. तिच्या तोंडातून तेलाचे थेंब पडत व अंगणातील फरशी डागाळे. ही गळती आहे अशी माझी खात्री झाली, आणि मी नळीला घट्ट बूच मारले. दुसऱ्या दिवशी दहा-बारा किलोमीटर जातो न जातो तोच इंजिनाच्या प्रत्येक सांध्यातून तेल पाझरू लागले. माझी विजारही त्यातून सुटली नाही. वृद्ध मिस्त्रींनी बूच काढून माझ्या हाती दिले आणि म्हणाले, “साहेब, नाक दाबलं की तोंड उघडतं, हे ठाऊक नव्हतं का?”

ती नळी इंजिनाच्या श्वासाची होती. दट्ट्या खाली येतो तेव्हा त्याच्या खालची हवा दाबली जाते. ब्रीदर तिला बाहेर सोडतो, पण सहसा आत येऊ देत नाही. त्यामुळे पेटीत दाब साचत नाही व तेल आपल्या जागी राहते. वाट बंद झाली की तोच दाब तेलाला सांध्यांतून बाहेर ढकलतो. म्हणून ही नळी कोंडू नये. ती तुंबली वा चिमटली नाही एवढे अधूनमधून पाहावे.

इतर निगा थोडक्यात सांगतो. पॉइंटमधील फट फिलर गेजने मोजावी, ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. सिलिंडरच्या उजव्या अंगाला एकाच नटावर बसलेले झाकण आहे. त्यामागे टॅपेट असतात. इंजिन पूर्ण थंड असताना, दट्ट्या दाबाच्या फेरीत माथ्यावर आणून पुशरॉड चिमटीत धरावा. तो बोटांनी सहज फिरावा, पण वर-खाली हलू नये. गिअरपेटीवरील जादा दांडा पाहून बिचकू नये. पहिला गिअर सोडून कोणत्याही गिअरमधून थेट न्यूट्रलवर येण्यासाठी तो टाचेने दाबावयाचा असतो.

बदलीच्या नोकरीमुळे ही गाडी माझ्याबरोबर निरनिराळ्या प्रांतांत हिंडली. एकाच भागाला दर ठिकाणच्या मिस्त्रीकडे वेगळे नाव ऐकले. काम मात्र कोठेही बदलले नाही. म्हणून अनोळखी भाग दिसताच पाना हाती घेऊ नये. यात काय येते, यातून काय जाते, हे कशास जोडलेले आहे, असे तीन प्रश्न आधी विचारावेत. जे उघडावयाचे त्याचे चित्र कागदावर काढावे, आणि निघालेले नट-वायसर त्याच क्रमाने कापडावर मांडावेत. ज्याचे काम कळले नाही, ते काढू नये आणि बंदही करू नये. माझे ते बूच मी अजून टेबलाच्या खणात ठेवले आहे. एखादी गोष्ट निरुपयोगी म्हणून बंद करण्याचा मोह झाला की मी ते एकदा बाहेर काढून पाहतो.