कलम जिवंत होईपर्यंत

श्रोतेहो, आपल्या देहूरोडकडे काय किंवा मावळात काय, कबड्डी रंगात आली की चढाईचा गडी पाय रोवून झटकन वळतो, अन् गुडघ्यात 'कट्' वाजते. आतला पुढचा बंध तुटलेला असतो. पुरता तुटला तर तो सहसा आपणहून सांधत नाही. मग डॉक्टर बहुधा मांडीच्या मागची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर, काढून तिथे बसवतात.

हे एक कलमच. पण हापूसची काडी रायवळच्या खुंटावर बांधली तरी हापूसच राहते. इथे तसे नाही. कंडरेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. पहिल्या काही आठवड्यांत तिच्यातल्या पुष्कळ पेशी मरतात, उरतो धाग्यांचा सांगाडा. मग भोवतालून नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात, त्या जुने धागे काढून नवे विणतात. ही उकलणी चालू असताना, साधारण दीड ते तीन महिन्यांच्या सुमारास, दोर सर्वांत कच्चा असतो.

आणि गंमत पाहा (गंमत कसली, घातच तो!), नेमकी तेव्हाच सूज उतरलेली, दुखणे थांबलेले असते. गडी म्हणतो, "घोरावडेश्वराचा डोंगर चढून दाखवू का?"

विणकाम पुरे व्हायला वर्ष, कधी दोन वर्षे लागतात. तेव्हा कंडरा बरीचशी मूळ बंधासारखी होते, हुबेहूब नव्हे. चालणे, ठरवून दिलेला व्यायाम लवकर सुरू होतो. मैदान मात्र 9 महिन्यांच्या आत नको, तेही दोन्ही मांड्यांची ताकद जवळजवळ सारखी झाल्यावर. गुरुजी, असा मुलगा खेळाच्या तासाला आला तर "दुखतंय का?" एवढ्यावर थांबू नका, ऑपरेशनची तारीख विचारा.