जुन्या शहराची डागडुजी आणि कासूची भातशेती

दिव्याहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पेण व नागोठणे यांच्या दरम्यान कासू हे लहानसे स्थानक आहे. आपटा ते रोहा हा मार्ग १९८६ मध्ये वाहतुकीस खुला झाला. मुंबई-गोवा महामार्गही कासूवरूनच जातो. त्याच्या चौपदरीकरणाचे काम पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर अशा दोन टप्प्यांत विभागले गेल्याने हे नाव प्रवाशांच्या चांगलेच परिचयाचे झाले. परंतु रेल्वे येण्याच्या कितीतरी आधीपासून पेण-रोह्याकडील माणसे पोटासाठी मुंबईला जात आली आहेत. गिरणी, गोदी किंवा छापखान्यात नोकरी आणि गिरगाव, लालबाग वा परळच्या चाळीत दहा बाय बाराची खोली, असे त्यांचे आयुष्य असे. त्या चाळींचे पुढे काय झाले, हा प्रश्न वरकरणी केवळ मुंबईचा वाटतो. प्रत्यक्षात तो कासूच्या शेतीपर्यंत येऊन पोहोचतो.

जुन्या शहरातील घर राहण्याजोगे उरले नाही, की कुटुंब बाहेर पडते. ते प्रथम उपनगरात जाते, मग पनवेलला आणि पुढे त्याहूनही दूर. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे मूळ बेटाची, लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लक्ष ३८ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लक्ष ८५ हजारांवर आली. याच काळात भोवतालचा प्रदेश मात्र झपाट्याने वाढत होता. २०२४ मध्ये शासनाने उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नियुक्ती केली. शहराच्या या विस्ताराला उद्योग, बंदर, विमानतळ अशी इतरही कारणे आहेत, आणि ती लहान नाहीत. तथापि जुन्या शहरातील पडलेले प्रत्येक घर नव्या जमिनीची मागणी वाढविते, हेही तितकेच खरे.

भाडे गोठले, दुरुस्ती थांबली

मुंबईच्या चाळी मोडकळीस येण्याचे कारण केवळ त्यांचे वय नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरांची टंचाई निर्माण झाली. भाडेकरूंना संरक्षण देण्यासाठी १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा झाला आणि १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हेच सामान्यतः प्रमाण भाडे ठरले. त्यावेळी हा उपाय न्याय्य होता. गरीब कुटुंबे त्यामुळेच शहरात टिकली. परंतु सिमेंट, लाकूड व मजुरी यांचे दर वाढत गेले आणि भाडे तेथेच राहिले. खोलीमागे मिळणाऱ्या थोड्याशा रुपयांत कौले चाळणेही परवडेना, तेथे तुळया बदलणे दूरच. मालकाने इमारतीकडे पाठ फिरविली. भाडेकरूची स्थिती अशी, की घर त्याच्या मालकीचे नाही म्हणून तो खर्च करीना आणि भाडे स्वस्त म्हणून घर सोडीना. १९९९ च्या नव्या भाडे नियंत्रण कायद्याने दरवर्षी चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली. पण मूळ भाडेच इतके अल्प, की त्यातून दुरुस्तीचा खर्च निघणे अशक्य होते.

खाडीपट्ट्यातील शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. पेण तालुक्यातील खारभूमीचा बांध दरवर्षी पाहावा लागतो. खेकड्याने पोखरलेले भोक वेळेवर बुजविले, तर चार टोपल्या मातीत काम भागते. ते राहून गेले आणि उधाणाला बांधास खांड गेली, तर खारे पाणी शेतात शिरते व जमीन पुढे काही वर्षे पीक देत नाही. पूर्वी गावकीने हे बांध राखले. पुढे त्यासाठी कायदे करावे लागले. त्यांतील सध्याचा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम १९७९ चा आहे. बांध कोणाचा हे ठरलेले असते, तोवर तो टिकतो. चाळीच्या बाबतीत नेमके हेच ठरलेले नव्हते.

मुंबईत पावसाळ्यात इमारती कोसळून माणसे दगावू लागल्यावर शासनाने बेडेकर समिती नेमली. तिच्या १९६८ मधील अहवालानंतर १९६९ चा इमारत दुरुस्ती व पुनर्रचना अधिनियम झाला. इमारतींवर उपकर बसवावा, त्यात शासनाने व महापालिकेने भर घालावी आणि त्या निधीतून दुरुस्ती मंडळाने कामे करावीत, अशी ही योजना होती. तेव्हा बेटावर अशा १९,६४२ इमारती होत्या व त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. १९७७ मध्ये हे मंडळ गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणात, म्हणजे ‘म्हाडा’त, विलीन झाले. आज सुमारे तेरा हजार उपकरप्राप्त इमारती उरल्या आहेत. दुरुस्तीने अनेक इमारतींचे आयुष्य वाढले, हे मान्य केले पाहिजे. परंतु दर चौरस मीटरमागे मंडळाने किती खर्च करावा यास मर्यादा होती आणि वरचा भार रहिवाशांवर पडे. पाडलेल्या इमारतींतील कित्येक कुटुंबांची वर्षेच्या वर्षे संक्रमण शिबिरात गेली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरील शंभरी ओलांडलेली हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचे प्राण गेले. तेथील पुनर्विकास योजना मंजूर होती, तरीही काही कुटुंबे घर सोडून गेली नव्हती.

अमेरिकेतील बाल्टिमोर या जुन्या बंदराच्या शहराचा अनुभव येथे पाहण्यासारखा आहे. कारखाने बंद पडले, सुस्थितीतील कुटुंबे उपनगरांत गेली आणि विटांच्या घरांच्या रांगा ओस पडल्या. १९५० मध्ये साडेनऊ लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या २०२० मध्ये ५ लक्ष ८५ हजारांवर आली. १९७० नंतरच्या दशकात तेथील नगरपालिकेने ताब्यात आलेली काही घरे एका डॉलरला देण्याचे ठरविले. अट अशी, की घेणाऱ्याने घर दुरुस्त करावे व स्वतः तेथे राहावे. दुरुस्तीसाठी कमी व्याजाचे कर्जही मिळे. घरांची संख्या मोठी नव्हती आणि सर्वच वस्त्या सावरल्या नाहीत. पण ज्या गल्ल्यांत ही योजना नीट राबली, तेथे घरे पुन्हा नांदती झाली. मुंबईचा पेच याच्या उलट आहे. तेथे घरे होती व माणसे नव्हती. येथे एकेका खोलीत आठ-दहा माणसे आणि घराला वाली नाही.

उंच इमारतीचा हिशेब

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने निराळा मार्ग धरला. जुनी इमारत पाडून नवी बांधणाऱ्यास जादा चटईक्षेत्र द्यावे, त्याने मूळ रहिवाशांना विनामूल्य घर द्यावे व उरलेली घरे विकून खर्च भागवावा, अशी ही रचना आहे. आता किमान ३०० चौरस फुटांचे घर देणे बंधनकारक आहे. जेथे जमिनीला भाव आहे, तेथे हा मार्ग चालतो. अरुंद गल्लीतील लहान भूखंडाकडे विकासक फिरकत नाही. १९२० च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींचे काम म्हाडाने स्वतःकडे घेतले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे मिळून अशा २०७ चाळी आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर असा हा बदल असून, वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या.

ज्यांच्या तीन पिढ्या सामायिक शौचालयासमोर रांगेत उभ्या राहिल्या, त्यांना या घराचे मोल इतरांनी सांगावयास नको. मात्र चाळीतल्या काही गोष्टी फुकट मिळत होत्या. व्हरांड्यातून वारा खेळत असे, कामाचे ठिकाण व बाजार पायी गाठता येत, आजारी माणसाकडे शेजारी लक्ष ठेवीत. चाळीस मजली इमारतीत उद्वाहक, पाण्याचे पंप व अग्निशमन यंत्रणा अहोरात्र चालू ठेवाव्या लागतात आणि त्यांचा खर्च दरमहा द्यावा लागतो. मालकी आता रहिवाशांकडे येत असल्याने दुरुस्ती कोणाची हा प्रश्न उरत नाही. तिचे पैसे निवृत्त कामगाराच्या कुटुंबाने कोठून आणावेत, हा उरतो.

कासू-पेणकडील गावठाणांतही कौलारू घरे वर्षानुवर्षे बंद आहेत, कारण वारस मुंबईला आणि सातबाराप्रमाणेच घरावरही अनेकांची नावे. त्याच गावांच्या शिवारात मात्र भाताच्या जमिनी बिनशेती होत आहेत. म्हाडा दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची पाहणी करून यादी प्रसिद्ध करते. ग्रामपंचायतीला तसे करण्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. नमुना ८ च्या आकारणी नोंदवहीत प्रत्येक घराची नोंद असतेच. मे महिन्यात ग्रामसेवकाने सदस्यांसह ही वही घेऊन गावठाणात फेरी मारली, तर कोणते घर बंद आहे, कोणत्या घराची वाशे-कौले बदलून भागेल आणि कोणते उतरवूनच घ्यावे लागेल, याची यादी पहिल्या पावसाआधी ग्रामसभेपुढे ठेवता येते.