दहाव्या ओळीतलं ‘तेव्हा’

सुनीताचा आढावा लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हाच मी त्यांना बजावलं होतं की गाडी शेक्सपिअरच्या एकोणतिसाव्यापाशी अडकणार. ते हसले. आता भोगा म्हणावं.

पेट्रार्कचं घराणं, ते इंग्रजीत आणताना वायट-सरेंनी केलेली ओढाताण, १५९१ साली सिडनीची सुनीतमाला छापल्यावर इंग्लंडात आलेलं पीक, हे सारं वाचकांना ठाऊक आहे. त्या पिकातलं पुष्कळसं मी उमेदीच्या वयात नेटानं वाचलं. नायिकेचे डोळे म्हणजे सूर्य, ओठ म्हणजे पोवळी, आणि कविराज पानोपानी मरायला तयार. शेक्सपिअरच्या १५४पैकी पहिली सतरा तरी काय? ‘लग्न कर, पोरं होऊ देत’ असा एखाद्या मामानं लावलेला तगादा.

एकोणतिसाव्यात मात्र माणूस बोलतो. नशीब फिरलंय, लोकांनी तोंड फिरवलंय, आभाळाला ऐकू येत नाही. एकटाच रडतोय. याचं रूप हवं, त्याचा गोतावळा हवा, तिसऱ्याची कला हवी. शेक्सपिअरला दुसऱ्याच्या कलेचा हेवा! १५९२ साली रॉबर्ट ग्रीननं त्याला परक्या पिसांनी नटलेला कावळा म्हणून हिणवलं, त्याच सुमारास प्लेगनं लंडनची नाटकघरं बंद पाडली. हे सुनीत त्याच दिवसांतलं, असं छातीठोक सांगणारे आहेत. असेल, नसेल. छापलं गेलं ते १६०९ साली. आणि ज्याला उद्देशून हे लिहिलं तो तरुण कोण याच्या शोधात हयात घालवलेल्या मंडळींना माझा दुरूनच नमस्कार. इथं नुसता ‘तू’ आहे, आणि मला तेवढा पुरतो.

माझं घोडं पेंड खातं ते ‘हॅप्ली’ या शब्दाशी. ‘आनंदानं’ असा त्याचा अर्थ बिनदिक्कत सांगितला जातो. तो ध्वनी आहेच, पण मूळ अर्थ ‘सहज’, ‘अवचित’. हा माणूस आठवण काढायला बसलेला नाही. स्वतःची किळस येऊ लागलेली असताना ‘तू’ मनात येतोस, एवढंच. भेट नाही, पत्र नाही, निरोप नाही. नशीब होतं तिथंच आहे. तरी पहाटेचा चंडोल उठतो.

तो कसा उठतो ते व्याकरणात पाहावं. हे सुनीत म्हणजे एकच लांबलचक वाक्य. आरंभीच्या ‘जेव्हा’चा ‘तेव्हा’ दहाव्या ओळीपर्यंत येतच नाही. शिवाय दुसऱ्या-चौथ्या ओळींत ‘स्टेट’ला ‘फेट’चं यमक आहे. दहाव्या-बाराव्यात रीतीप्रमाणे नवं यमक हवं. तर पुन्हा ‘स्टेट’च, आणि ‘फेट’च्या जागी ‘गेट’, स्वर्गाचं दार! कॉलेजात आमच्या सरांनी फळ्यावर नुसता एक कंस काढला होता. १६०९च्या छपाईत चंडोलाची ओळ कंसात आहे आणि कंस ‘उठणारा’ या शब्दावर मिटतो. म्हणजे रुसल्या भुईवरून दारापाशी गातोय तो पक्षी नव्हे, त्या माणसाची दशा. नंतरच्या संपादकांनी कंस काढून स्वल्पविराम घातले. सर खडू ठेवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. तास तिथंच संपला.

आपल्याकडे केशवसुतांनी सॉनेटला चतुर्दशक म्हटलं, रविकिरण मंडळाच्या दिवसांत ‘सुनीत’ हे नाव रुळलं, विंदांनी मुक्त सुनीत लिहून वृत्ताचं जोखड उतरवलं. त्यांना ते शोभलं, कारण वृत्त हाडात मुरलेलं होतं. आता चौदा ओळी मोजल्या की झालं सुनीत. कलाटणी कुठाय म्हणून विचारलं तर कवी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहतो.

तिसावं सुनीत याचंच भावंड, आणि पुष्कळांचं जास्त लाडकं. तिथं जुन्या दुःखांची खातेवही उघडते आणि ‘तू’ यायला तेरावी ओळ उजाडते. मला ती घाई वाटते. दोन ओळींत चंडोल उडत नाही. पण एकोणतिसावं संपलं की डोळा आपोआप खाली उतरतो. राजाशीही अदलाबदल नको म्हणणारा माणूस पुढच्याच ओळीत पुन्हा ‘जेव्हा’ म्हणून सुरुवात करतो.