इसार देण्याआधी

सकाळी 7

पौष लागला की वर्ध्यात घरांचे सौदे थंडावतात. विक्रीपत्र, वास्तुपूजन, इसार, सगळं संक्रांतीनंतर, नाहीतर थेट गुढीपाडव्याला. मला मात्र हा महिना फार मोलाचा वाटतो. घर विकणारा मागे लागलेला नसतो आणि घेणाऱ्याला स्वतःच्या कमाईकडे नीट पाहायला वेळ मिळतो. मी करसल्लागार आहे, आर्वी नाक्याजवळ पहिल्या मजल्यावर माझं छोटं ऑफिस आहे. विवरणपत्रांची गर्दी ओसरली की माझ्याकडे येणारे बरेचसे लोक एकच विषय घेऊन येतात: घर घ्यायचं आहे, जमेल का?

आजचा पहिला फोन रेल्वेतून. वर्ध्याहून नागपूर-बुटीबोरीकडे पासवर जाणाऱ्यांपैकी एक तरुण.

"भाऊ, माह्या पगारावर किती लोन बसते?"

"ते बँक सांगेल. तू मला सांग, तुझा पगार कंपनी देते की ठेकेदार?"

थोडा वेळ नुसता गाडीचा आवाज. मग, "ठेकेदार."

"संध्याकाळी ये. पगाराच्या पावत्या आण, पासबुक आण."

सकाळी 10

नवराबायको आलेत. ती रुग्णालयात कंत्राटी परिचारिका, तो कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. सावंगी (मेघे) भागात एका लेआऊटमधलं घर त्यांना आवडलंय. किंमत 32 लाख. बिल्डरचा माणूस म्हणाला, नव्वद टक्के कर्ज होऊन जाईल. हे वाक्य अर्धवट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देऊ शकते, हे खरं. देईलच असं नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत, तो पैसा आपल्या खिशातला. आणि घराच्या किमतीवर किती मिळेल याआधी पगारावर किती मिळेल, हा प्रश्न असतो.

मी तिची नेमणुकीची ऑर्डर मागितली. प्लास्टिकच्या फाइलीत एकामागे एक लावलेल्या ऑर्डरी आहेत. प्रत्येक 11 महिन्यांची, दोन ऑर्डरींच्या मध्ये एका दिवसाचा खंड. तो एक दिवस ऑर्डरीत छापलेला आहे, पासबुकात दिसत नाही. पण बँकेचा अधिकारी आधी तोच पाहतो. पगार 28,000. नवऱ्याचे तास भरले तर महिन्याला 20,000 च्या आसपास, तेही वर्षातले नऊ महिने. म्हणजे वर्षभराची सरासरी 15,000. ती म्हणाली, "सर, दोघांचे मिळून 48,000 होतात ना?"

"होतात, पण जूनमध्ये होत नाहीत. हप्ता जूनमध्येही असतो."

मी व्याजाचा दर साडेआठ टक्के धरतो. आज काही बँकांचे दर त्याखाली आहेत, पण 20 वर्षांच्या कर्जाचा हिशेब आजच्या दरावर बांधू नये असं माझं ठाम मत आहे. साडेआठने 20 वर्षांसाठी लाखाला सुमारे 868 रुपये हप्ता पडतो. 25 लाख घेतले तर 21,700. त्यांची खरी सरासरी कमाई 43,000, म्हणजे निम्मा पगार हप्त्यात. तासिकेचं काम एका वर्षी मिळालं नाही, तर तिच्या 28,000 पैकी हातात उरतात 6,300.

म्हणून मी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. जो पगार बारा महिने येतो, तेवढाच धरायचा. त्याच्या 40 टक्के म्हणजे 11,200. त्यात 12 ते 13 लाखांचं कर्ज बसतं. नवऱ्याची कमाई मुद्दल लवकर फेडायला वापरायची. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर बँक दंड लावू शकत नाही, हे त्या दोघांना माहीत नव्हतं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कंत्राटी लोकांना कायम करणार म्हणतात. मग तर पगार वाढेल."

ही आशा मला चांगली माहीत आहे. संप, मोर्चे, शासन निर्णय, दरवर्षी नवी बातमी. त्यांची मागणी रास्त आहे आणि ती मान्य व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण ऑर्डर हातात पडेपर्यंत ती हिशेबात धरायची नाही. झाली कायम, तर दुसऱ्या महिन्यापासून हप्ता वाढवता येईल. नाही झाली, तर घर हातून जायला नको.

कंत्राटी नोकरीची आणखी एक बाजू आहे. सरकारी बँक नाही म्हणाली की लोक खासगी गृहवित्त कंपनीकडे वळतात. तिथे कर्ज होतं, पण दर चढा. 12 लाखांना साडेआठ टक्क्यांनी हप्ता 10,400. तोच 12 टक्क्यांनी 13,200. महिन्याला 2,800 जास्त, तेही 20 वर्षं. म्हणून पहिल्या नकारावर घाई करायची नाही. पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे ओळीने सगळ्या ऑर्डरी दाखवायच्या, दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं दाखवायची. तिचं उत्पन्न करपात्र नाही म्हणून तिने विवरणपत्र कधी भरलंच नव्हतं. या वर्षीचं आजच भरायला घेतलं.

बचत 6 लाख आहे. त्यातले 1,70,000 वेगळे ठेवायला सांगितले: घरखर्च 18,000 आणि हप्ता 10,400, असे सहा महिने. या पैशाला घरासाठी हात लावायचा नाही, असं ठरवूनच तो बाजूला काढायचा. उरलेल्यातून नोंदणीचा खर्च आणि पहिली रक्कम.

"मग 32 लाखांचं राहिलंच," ती म्हणाली.

"ते राहिलं. पंधरा-सोळात काय बसतं ते पाहा. बोरगाव, पिपरी, सिंदी मेघेकडे एखादं जुनं घर पाहा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांपासून तिने त्या घराचा नकाशा मोबाइलमध्ये ठेवला होता. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तिनेच कागद पुढे ओढला आणि विचारलं, प्रधानमंत्री आवास योजनेत आम्ही बसतो का. बसू शकतात. 1 सप्टेंबर 2024 पासून योजनेचा दुसरा टप्पा शहरी भागासाठी सुरू आहे. वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत, आणि कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के व्याजसवलत, पाच वार्षिक हप्त्यांत जास्तीत जास्त 1,80,000. पण वर्ध्याभोवतीच्या बऱ्याच वस्त्या ग्रामपंचायतीत आहेत. ती जागा योजनेच्या शहरी हद्दीत येते का, हे घर ठरवण्याआधी लेखी विचारून घ्यायला सांगितलं. घर तिच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, एप्रिल 2021 पासून. नोंदणी शुल्क 1 टक्का, कमाल 30,000.

जाताना त्यांना एक काम दिलं. या महिन्यापासून 10,400 रुपयांची आवर्ती ठेव सुरू करायची, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कटेल अशी. पाडव्यापर्यंत ती न चुकता भरली गेली तर हप्ता झेपेल. एखाद्या महिन्यात मोडावीशी वाटली तर तेही आत्ताच कळेल, आणि फुकटात कळेल.

दुपारी 12.30

तहसीलकडे एक चक्कर. एकाचा सातबारा पाहायचा होता. पिकाच्या रकान्यापेक्षा मी आधी इतर हक्काचा रकाना वाचतो. तिथे सेवा सोसायटीच्या जुन्या कर्जाचा बोजा अजून उभा आहे. कर्ज फिटलंय म्हणतात, पण बोजा कमी केल्याचा फेरफार नाही. शहरात आखीव पत्रिका पाहायची. त्यात आपल्या विदर्भातला नेहमीचा प्रश्न नझूलचा. जमीन शासनाची, भाडेपट्ट्याची मुदत कधी संपते, नूतनीकरण झालंय का, हे त्या कागदावरच कळतं. घर उत्तम असलं आणि पट्टा संपलेला असला तर बँक कर्ज देताना अडते. 30 वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यायला चार पैसे लागतात, ते द्यावेत.

दुपारी 2

डबा उरकतो न उरकतो तोच सेलू तालुक्यातले एक काका आले. दोन पोरं वर्ध्यात शिकतात, त्यांच्यासाठी इथे घर घ्यायचं आहे. कापूस सीसीआयला दिला. कपास किसान अॅपवर नोंदणी, ओलावा 8 टक्क्यांच्या आत, सगळं सांभाळून लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये मिळाला. 40 क्विंटलचे सव्वातीन लाख खात्यात आहेत.

"पोराईले भाड्याच्या खोलीत काहून ठेवू? भाडं तं वायाच जाते."

काका असं म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात पोरांविषयीची माया असते, तिला धक्का लावायचा नसतो. मी फक्त विचारलं, यातला पुढच्या पेरणीचा किती? बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी. काकांनी बोटांवर मोजलं, दीड लाखाच्या वर गेलं. वर्षाचं घर चालवायला लाखभर. उरलं 75,000 च्याही आत. त्यावर मासिक हप्त्याचं कर्ज घेतलं तर जून ते ऑक्टोबर हप्ता कुठून भरणार? त्या महिन्यांत शेतातून पैसा येत नाही, शेतात जातो. मग सावकार किंवा सोनं. खोलीचं 4,000 भाडं वाया जात नाही काका, पेरणीचा पैसा वाचवतं, असं मी त्यांना सांगितलं.

दुसरी गोष्ट त्यांनी उठता उठता सांगितली. शेजाऱ्याला पतसंस्थेत जामीन राहिलेत, आणि शेजाऱ्याचे हप्ते थकलेत. त्यांना वाटतं ते कर्ज शेजाऱ्याचं आहे. पण वसुलीची नोटीस जामीनदाराच्या दारातही येते, आणि घरकर्जाच्या अर्जात ही जबाबदारी लिहावी लागते. आधी शेजाऱ्याला घेऊन पतसंस्थेत जा, थकबाकी किती ते लेखी घ्या, असं ठरलं. घराचं नंतर.

दुपारी 4

जिल्हा परिषदेचे एक शिक्षक, कर्ज 2022 च्या सुरुवातीचं. 20 लाख, 7 टक्के, 20 वर्षं, हप्ता 15,500. मे 2022 च्या सुरुवातीला रेपो दर 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहा झाला. त्यांचं कर्ज रेपोला जोडलेलं. दर अडीच टक्क्यांनी चढला तेव्हा त्या हप्त्यातले जवळपास सगळे पैसे व्याजातच जाऊ लागले. बँकेने मुदत लांबवली, त्यांनी ते पत्र उघडून पाहिलं नाही. 2025 मध्ये रेपो उतरत सव्वापाचवर आला, तरी त्यांची लांबलेली मुदत तशीच आहे.

मुदत लांबली की ती निवृत्तीच्या पुढे जाते, हा इथला खरा धोका. ते 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेले, जुनी पेन्शन त्यांना नाही. आधीच्या पिढीतल्या मास्तरांचे शेवटचे काही हप्ते पेन्शनमधून जायचे. यांनी 58 व्या वर्षापर्यंत कर्ज संपवलंच पाहिजे. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा अधिकार ऑगस्ट 2023 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने कर्जदाराला दिला आहे. अर्ज तिथेच लिहून घेतला: मुदत कमी करा, हप्ता वाढवा.

20 लाखांना साडेआठ टक्क्यांनी 20 ऐवजी 15 वर्षं घेतली तर हप्ता 2,340 ने वाढतो आणि एकूण व्याज 6,20,000 ने कमी होतं. हा आकडा मी मोठ्या अक्षरात भिंतीवर लावलाय.

सायंकाळी 6.30

बुटीबोरीचा तरुण आला. पगार 19,000, हातात 16,500. भविष्य निर्वाह निधी कापला जातो, पण ठेकेदार बदलला की खातं नवं. तीन जुनी खाती आहेत, ती एकत्र केलेली नाहीत. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढला. मोबाइल हप्त्यावर घेतला होता, त्याचे तीन हप्ते थकलेले दिसतात. रक्कम किरकोळ, पण थकबाकी ती थकबाकी. ती भरून पूर्ण फेडल्याचा दाखला घे, तडजोड करून बंद करू नकोस, तो शेरा अहवालात राहतो, हे त्याला दोनदा सांगितलं.

मग कामाविषयी बोललो. तो आयटीआय झालेला वेल्डर आहे. याच जिल्ह्यात बंद पडलेल्या गिरणीचे कामगार आमच्या गल्लीत राहायचे. त्यांतल्या ज्यांच्या हातात दुसरं काम होतं, त्यांनी घरं राखली. म्हणून त्याला म्हटलं, या वर्षी घर बाजूला ठेव. कंपनीच्या पटावर जागा निघते का पाहा, परीक्षा असेल तर दे. घराचं त्यानंतर बोलू. तो हिरमुसला नाही. त्याने विचारलं, "परीक्षेच्या फॉर्मले कोणते कागद लागतील?" हा प्रश्न मला दिवसभरातला सगळ्यात शहाणा वाटला.

रात्री 8.45

परिचारिका ताईंचा फोन. बिल्डरचा माणूस घरी येऊन बसलाय. म्हणतो, 51,000 इसार आज द्या, संक्रांतीनंतर भाव वाढणार.

"सर, 32 चं नको हे ठरलंय आमचं. पण त्याच्याकडे एक जुनं घर पण आहे, साडेपंधराचं."

"आज एक रुपया द्यायचा नाही. त्याला सातबारा किंवा आखीव पत्रिकेची प्रत, लेआऊटची मंजुरी आणि घरपट्टीची पावती मागा. आवडलं, कागद नीट निघाले, तर इसारपत्रात लिहून घ्या की बँकेचं कर्ज मंजूर झालं नाही तर इसार पूर्ण परत. हे वाक्य नसेल तर सही नाही."

पलीकडे ती हेच सगळं त्याला मोठ्याने सांगत होती. तो म्हणाला, कागद परवा देतो.

"मग परवा दहाला या," मी म्हटलं. "नवऱ्याच्या तासिकेचं मानधनाचं पत्रकही आणा."