फुगा दाबायचा, पण मोजून

वॉर्डात एखाद्याचे हृदय अचानक थांबले की धावपळ उडते. डॉक्टर छाती दाबू लागतात, सिस्टर तोंडावर मास्क धरून फुगा, म्हणजे अंबू बॅग, दाबतात. दाराशी उभे असलेले आपण ओरडतो, "अहो, भराभर हवा द्या!" आपला जीव तुटत असतो. पण जास्त हवा दिली की माणूस लवकर वाचतो, ही समजूत चुकीची आहे, हे आज आम्हाला सांगायचे आहे.

हृदय बंद असताना रक्त फिरवतात ते छाती दाबणारे हात. दाब सोडला की छाती वर येते आणि अंगातले रक्त हृदयाकडे परतते. फुगा भराभर दाबला तर छातीत हवा कोंडते, आतला दाब वाढतो आणि परतणारे रक्त अडते. मग मेंदूला रक्त कमी पडते.

शिकलेल्या हातांकडूनही ही चूक होते. अमेरिकेतील शिकागोच्या एका रुग्णालयात ६७ रुग्णांवरचे उपचार यंत्राने नोंदवले गेले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक वेळा मिनिटाला २० पेक्षा जास्त श्वास दिलेले आढळले. त्याआधी २००४ साली डुकरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. मिनिटाला १२ श्वास दिलेल्या ७ पैकी ६ डुकरे जगली. ३० श्वास दिलेल्या ७ पैकी एकच जगले.

म्हणून मोठ्या माणसासाठी नियम असा: ३० वेळा छाती दाबल्यावर २ श्वास. घशातून श्वासनलिकेत नळी घातली असेल तर छाती दाबणे न थांबवता दर ६ सेकंदांनी एक श्वास, म्हणजे मिनिटाला १०. फुगा पूर्ण पिळायचा नाही. छाती किंचित वर आलेली दिसली की पुरे.

हे आपण का जाणून घ्यायचे? हृदय पुन्हा सुरू झाले, पण व्हेंटिलेटर रिकामा नाही, अशा वेळी गर्दीच्या दवाखान्यात फुगा कधी कधी नातेवाइकांच्याच हाती येतो. तेव्हा संकोच न करता विचारा, "सिस्टर, मिनिटाला किती वेळा? एकदा करून दाखवा." त्या सांगतील तसे मनात आकडे मोजत दाबा. लहान मुलांचे प्रमाण वेगळे असते, तेही विचारा. हात दुखू लागला तर दुसऱ्याला द्या, पण त्यालाही मोजणी शिकवून द्या. छाती हलेनाशी झाली तर लगेच हाक मारा.

घाबरलेला हात आपोआप भरभर चालतो. मोजणारा हात रुग्णाच्या कामी येतो.